एका वेळी एकच भाग

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, बत्तीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात फिटर होते. खिळ्यांचा कारखाना ज्यानं आतून पाहिला नाही त्याला सांगून काय कळणार! लांबलचक शेडमध्ये चाळीस मशिनं. प्रत्येक मशीन एका बाजूनं तार गिळतं, दुसऱ्या बाजूनं मिनिटाला तीनशे खिळे थुंकतं, आणि एकेका खिळ्यामागे एकेक ठोका. भावोजी डबा विसरले म्हणून मी एकदाच आत गेले होते. बाहेर आल्यावर फाटकावरचा वॉचमन काय सांगतोय ते मला दहा मिनिटं कळेना, नुसतीच मान डोलावत राहिले.

अशा ठिकाणी या माणसाचं काम काय, तर ऐकायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग सांगायचं, सतरा नंबर आठवडाभर ओढेल, पुढे नाही. आणि सतरा नंबर आठव्या दिवशी बसायचं. मॅनेजर नवीन भाग मागवायच्या आधी यांना विचारायचा. कारखान्यानं सगळ्यांना कानात घालायची बोंडं दिली होती, ती भावोजींच्या खिशातच राहायची. कान बंद केले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं, असं ते म्हणायचे. आम्ही घरातले सगळे हे कौतुकानं चार लोकांना सांगायचो. मीसुद्धा.

आणि या माणसाला वेड होतं व्हायोलिनच्या एका तबकडीचं. विशीत असताना ते महागड्या म्युझिक सिस्टीमच्या एका दुकानाचं शटर दुरुस्त करायला गेले होते. आत मालक कुणा गिऱ्हाइकाला तबकडी लावून दाखवत होता. हे हातात ग्रीसचा डबा घेऊन दारातच उभे. शेवटी तो वाजवणारा एक स्वर घेतो, वर वर नेतो, बारीक बारीक करत जातो आणि मग... त्या 'मग'च्या पुढे भावोजी कधी गेले नाहीत. कसा संपतो विचारलं तर म्हणायचे, ते सांगता येत नाही, ऐकायलाच पाहिजे. पुढच्याच महिन्यात त्यांनी ती तबकडी विकत घेतली. घरात प्लेयर नाही, प्लेयर घ्यायची ऐपत नाही, पण तबकडी आहे! एखाद्याला नाल सापडते म्हणून तो घोडा घ्यायला निघतो, तसला प्रकार. फक्त यांचा घोडा यायला पस्तीस-छत्तीस वर्षं लागली. मध्ये मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, आईचं आजारपण, आणि तबकडी आपली कपाटात चादरींच्या घडीत. वर्षातून एकदा बाहेर काढून पुसायची आणि परत ठेवायची. निवृत्त झालो की घरात एक चांगली सिस्टीम बसवीन आणि तो शेवट एकदा माझ्या खुर्चीत बसून ऐकीन, एवढं एकच त्यांनी स्वतःसाठी मागून ठेवलं होतं.

निवृत्त झाले त्या आठवड्यात ताईनं त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. यातच बसवायचं, वर एक पैही मागायची नाही. भावोजी उत्साहानं मोठ्या दुकानात गेले आणि तासाभरात तोंड पाडून परत आले. तिथल्या नुसत्या वायरींची किंमत पाकिटापेक्षा जास्त होती. मी म्हटलं, वायरीतून सोनं वाहतं की काय? त्यांना हसू आलं नाही.

मी त्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि पडदे शिवते. एकटी आहे आणि तोंडाची फटकळ आहे. या दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे असं ताईचं मत आहे. तर माझ्याच एका गिऱ्हाइकानं मला डाखवाल्यांचा पत्ता दिला. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान. जुन्या यंत्रांना डाख, म्हणजे सोल्डर, देऊन देऊन बोटांची टोकं काळी पडलेली, म्हणून सगळे डाखवालेच म्हणतात. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे.

डाखवाल्यांनी पाकीट न उघडता नुसतं हातात तोलून पाहिलं आणि सांगितलं, निम्मे स्पीकरला घाला, आवाज शेवटी तिथूनच येतो. उरलेल्यात बाकीच्यांचं लग्न लावून देऊ. वायर साधी तांब्याची, विजेच्या दुकानातली घ्या. आणि खोलीवर मेहनत घ्या, तिला पैसे पडत नाहीत.

मग काय, भावोजींना दुसरी नोकरीच लागली. रोज सकाळी डबा घेऊन डाखवाल्यांकडे. स्पीकर मिळाले ते एका बंद पडलेल्या सभागृहातले. आतल्या पडद्याची कड कुजून गेलेली, ती डाखवाल्यांनी नवी चिकटवली. पेट्यांवरचे ओरखडे भावोजींनी पॉलिश कागदानं घासून घालवले. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नुसता धोंडा, दोघांनी उचलावा असा, एक बाजू मुकी होती ती बोलती केली. रेकॉर्ड प्लेयरला नवा पट्टा आणि नवी सुई घातली. सुईचा तबकडीवर भार किती पडावा याचं म्हणे ग्रॅममध्ये माप असतं. त्यासाठी भावोजी ओळखीच्या सोनाराचा काटा दोन दिवस मागून घेऊन आले. स्पीकर ठेवायला लोखंडी पाइपचे स्टँड स्वतः केले आणि थरथरू नयेत म्हणून पाइपांत वाळू भरली. ती वाळू ताईच्या बाथरूममध्ये धुतली. त्यावरून जे झालं ते इथे सांगत नाही.

खोलीत तर उच्छाद मांडला. माझाच शिवणाचा खडू नेऊन फरशीवर त्रिकोण काढला. दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला खुर्ची, तिन्ही बाजू दोऱ्यानं मोजून सारख्या. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे, बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बरोबर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्यामुळे सोफा दाराच्या तोंडाशी आला आणि टीव्ही बघायचा तर मान वाकडी करून बघायचा. समोरच्या उघड्या भिंतीवरून आवाज टणटण परत येतो म्हणून जाड पडदा हवा होता. तो मी शिवला, दुहेरी अस्तराचा. शिवणावळ मागितली तर म्हणाले, "मेव्हणीबाई, तुम्हाला पहिल्या रांगेतलं तिकीट." तिथे रांग एकच होती आणि खुर्चीही एकच.

ज्या रविवारी सगळं जोडून झालं, त्या दिवशी मी नेमकी एका हॉटेलात पडदे लावायला गेले होते. रात्री ताईला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, छान आहे, खोलीभर आवाज भरतो. फक्त तो शेवट नीट येत नाही म्हणतात. मध्येच तुटतो. मी म्हटलं, होईल नीट, यंत्र आहे. ताईनं विषय बदलला.

पुढच्या दोन महिन्यांत माझ्या छताचं काय झालं ते मला विचारा. आधी बरं वाजायचं. मग दर दोन-चार दिवसांनी ते व्हायोलिन जास्त जास्त टोकदार व्हायला लागलं. अ‍ॅम्प्लिफायरला बारीक आवाज वाढवायचं एक बटण असतं, ट्रेबलचं. भावोजी रोज ते थोडं थोडं पुढे सरकवत होते. शेवटी शेवटी तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं यायला लागलं. दात शिवशिवायचे, मशीनवर टाका चुकायचा. मी एकदा वर जाऊन सुनावलंसुद्धा, भावोजी, तुमचं व्हायोलिन आहे की दाढ उपटायचं यंत्र? ते खुर्चीत बसून ताईकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "आता स्वच्छ येतंय ना?" आणि ताई म्हणाली, "हो, छान येतंय." एवढं बोलून तिनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मला राग आला. बहीण सख्खी माझी आणि बाजू त्यांची!

त्याच सुमारास ताईचं डोकं दुखायला लागलं. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या सुमारास. भावोजी घाबरले. या माणसाचं बायकोवर फार प्रेम आहे, ते मान्यच करायला हवं. चष्म्याचा नंबर तपासून आणला, तेल आणलं, तिला स्वयंपाकघरात उभं राहू देईनात. एक दिवस कपाळ गरम लागलं म्हणून त्यांनी तिच्या जिभेखाली थर्मामीटर धरलं. ते नवीन तऱ्हेचं, झालं की पीपी वाजणारं. मी पलंगाच्या कडेला बसले होते. थर्मामीटर वाजलं. चांगलं सहा-सात वेळा वाजलं. भावोजी आपले मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेले.

मी म्हटलं, वाजलं की. ते वळून माझ्याकडे बघत म्हणाले, काय वाजलं? आणि ताईनं पटकन थर्मामीटर तोंडातून काढलं, म्हणाली, ताप नाही, बघा. ते आकडा वाचायला दिव्याकडे गेले.

एक एक गोष्ट आठवायला लागली. स्वयंपाकघरातून एक साधं वाक्य बोलायचं तरी ताई हातात पळी घेऊन बाहेरच्या खोलीत यायची, यांच्यासमोर उभी राहायची आणि मग बोलायची. मी तिला चिडवायचे, राजाला निरोप द्यायला आलीस का म्हणून. सहा वर्षांपूर्वी घराची किणकिण वाजणारी घंटा काढून तिनं भसाड्या आवाजाचा बझर बसवला होता. घंटा बिघडली होती म्हणाली. आणि त्या कारखान्यात तर कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, सगळे ओठांकडे बघून समजून घ्यायचे. भावोजींना ती सवय इतकी मुरलेली, की माणूस समोर असला की शब्द न् शब्द कळायचा. पाठ फिरवली की संपलं. बत्तीस वर्षांच्या ठोक्यांनी त्यांच्या कानातला वरचा सगळा बारीक भाग खाऊन टाकला होता. ट्वीटर ठणठणीत होते, सुई ठणठणीत होती, तबकडीवर शेवट होता.

भावोजी औषधाच्या दुकानात गेले तशी मी ताईला धरलं. तुला माहीत होतं?

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं ते त्या कानाच्या जिवावर जगले. लोक अजून रस्त्यात थांबवून सांगतात, तुमच्यासारखा कान नाही. तो गेला हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, आणि तुझं डोकं? तर म्हणे डोकं गोळीनं थांबतं. मी तिच्यावर ओरडले. अगं, रोज त्या खिळ्यांसमोर बसतेस आणि छान छान म्हणतेस, म्हणून ते बटण पुढे नेतात ना! ती म्हणाली, त्यांना वाटतं अजून थोडंच राहिलंय. आज ना उद्या येईल म्हणून सकाळी उठतात. तो शेवट त्यांना कधीच येणार नाही, हे माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस. मला शपथ घातली. मी मूग गिळून खाली आले आणि त्या रात्री एक पडदा उलटा शिवला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. चार दिवसांनी भावोजी डाखवाल्यांच्या दुकानात गेले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, तुम्ही मला जळके ट्वीटर घातलेत. ज्या माणसानं दोन महिने मजुरीचं नाव काढलं नाही त्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. डाखवाल्यांनी शांतपणे फळीवरून दुसरी ट्वीटरची जोडी काढली, कागदात गुंडाळली, हातात दिली. घरी लावून बघा, फरक पडला तर ठेवा.

मला कळलं तशी मी तडक दुकानात गेले. शपथ ताईच्या नवऱ्याला न सांगायची होती, डाखवाल्यांना नाही. सगळं ओकून टाकलं. ते डाख देत होते, मान वर केली नाही. मला माहीत आहे, म्हणाले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, मागून हाक मारली की वळत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्ही तरी सांगा ना! तुमच्या तोंडावर तुम्हाला लबाड म्हणाले ते!

"फिटर माणूस आहे," ते म्हणाले. "सांगितलेलं पटणार नाही. शोधून सापडलं तर पटेल. शोधू द्या."

शोधू द्या म्हणे. मला इतका संताप आला की छत्री तिथेच विसरून आले.

त्या रविवारी दुपारी भावोजींनी बिघाड शोधायला घेतला. मला वर बोलावलं, धरायला एक हात पाहिजे म्हणून. कारखान्यातला त्यांचा एक नियम होता आणि तो ते शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे: बिघाड शोधताना एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही. फरशीवर बसून त्यांनी कागदावर सगळ्या भागांची यादी केली, वरून खाली.

आधी डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे. तबकडीचा शेवट लावला, ऐकला, मान हलवली, यादीत फुली. मग वायरी बदलल्या. फुली. मग जुनी सुई घातली. फुली. डाखवाल्यांची ट्वीटरची जोडी बसवली, त्याला तासभर लागला, पेटी धरून धरून माझा खांदा भरून आला. शेवट लावला. भावोजी खुर्चीत पुढे झुकले, डोळे मिटले. फुली. शेजारच्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला. फुली. मी शिवलेला पडदासुद्धा काढून पाहिला, त्यालाही फुली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंडावर पदार्थ करपल्यासारखी कळा. प्रत्येक वेळी तो स्वर वर जायचा, बारीक व्हायचा, खोलीत कुठेतरी टांगल्यासारखा राहायचा. मला स्वच्छ ऐकू येत होता. ताईला येत होता. आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं तो फुल्या मारत होता.

यादी संपली. भावोजी फरशीवर मांडी घालून कागद बघत बसले. पेन्सिल सगळ्यात खाली, शेवटच्या फुलीच्या खाली थांबली होती. मग त्यांनी वर पाहिलं, खडूच्या त्रिकोणाकडे, दोन स्पीकरकडे, आणि मग तिसऱ्या टोकाच्या खुर्चीकडे. काखेत कळसा असतो ना, तो त्या क्षणी त्यांना दिसला, आणि मी तो दिसताना पाहिला.

ते ताईला म्हणाले, तू बस खुर्चीत. ती म्हणाली, मला काय कळतं त्यातलं. तरी बस, म्हणाले. तोंड स्पीकरकडे. स्वर चढायला लागला की हात वर कर, ऐकू येतोय तोवर वर ठेव, संपला की खाली घे. मी तुझ्या मागे उभा राहतो, मीही तेच करतो. ताईनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या भावोजींचा हात तिला दिसणार नव्हता, तो कधी खाली आला ते तिला कळणार नव्हतं. मी मान फिरवली.

सुई ठेवण्याआधी ते तिच्यासमोर वाकले. "मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस. एवढंच कर."

तबकडी वाजली. स्वर चढायला लागला. दोन हात वर झाले, एक खुर्चीतला, एक खुर्चीमागचा. मी भिंतीला टेकून दोन्ही बघत होते. स्वर बारीक झाला आणि मागचा हात सावकाश खाली आला. ताईचा वरच होता. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. तिला हात खाली घ्यायचा होता हो, मला दिसत होतं. मनगट दोनदा ढिलं पडलं आणि दोनदा तिनं ते परत ताठ केलं. सात, आठ, नऊ. भावोजींना खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं आणि समोर बायकोचा हात वर होता. अकराला तिनं तो मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली, मागे वळली नाही.

भावोजींनी सुई उचलून ठेवली. पुढे येऊन तिच्यासमोर उभे राहिले. विचारलं, कधीपासून माहीत आहे? तिनं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणि डोकं? ते या बटणामुळे दुखतं? तिनं हळूच मान डोलावली. ते खाली बसले, फरशीवरच. मला वाटलं आता चिडतील, निदान मला तरी बोलतील. ते कागदाकडे बघून म्हणाले की बोंडं खिशात होती. बत्तीस वर्षं खिशात होती. आणि मग रडले. मीही रडले, सांगायला लाज कसली. ताई तेवढी रडली नाही, ती उठून पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन झाल्यावर ते उठले, डाखवाल्यांची जोडी काढली, कागदात गुंडाळली आणि चप्पल घातली. मीही गेले, माझी छत्री तिथे होती. दुकानात त्या दिवशीही दोन गिऱ्हाइकं होती. भावोजी त्यांच्यासमोरच म्हणाले, दोष माझ्या कानात होता, मी तुम्हाला नको ते बोललो. डाखवाल्यांनी कागद सोडून ट्वीटर दिव्याखाली नीट तपासले, त्यांना चरा वगैरे नाही ना ते पाहिलं, आणि मग म्हणाले की कानाला डाख देता येत नाही, नाहीतर मीच दिला असता. भावोजी हसले. रडून आलेल्या माणसाचं हसू होतं ते, पण हसले. पुढे डाखवाल्यांनीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, यंत्र मिळालं, आता ते बाजारात मागून आलेली हाकही ऐकतात. तो बारीक स्वर मात्र यंत्रातून नुसती शीळ होऊन येतो. ते यंत्र काढून ठेवून तबकडी ऐकतात.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारचं. घरी आल्यावर त्यांनी सगळं पुन्हा मूळच्यासारखं जोडलं. ताईला त्याच खुर्चीत बसवलं, स्वतः अ‍ॅम्प्लिफायरपाशी उकिडवे बसले आणि बटणावर हात ठेवून म्हणाले, तू सांग कुठे ठेवू. ताई संकोचानं म्हणाली, थोडं मागे. अजून मागे. अजून. बस्स. आणि त्या खोलीत पहिल्यांदाच ते व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाजलं. सोनाराच्या काट्यावर तोललेली सुई, वाळू भरलेले स्टँड, दोऱ्यानं मोजलेला त्रिकोण, सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. माझा पडदाही.

तबकडी शेवटपर्यंत गेली. कुणी हात वर केले नाहीत. भावोजी तिथेच बसून ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुई नुसती फिरायला लागली तशी त्यांनी ती उचलली.

"कसा संपला?" त्यांनी विचारलं.

ताईला गाण्यातलं काही कळत नाही. ती गडबडली, पदराशी चाळा करत बसली. मग त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू म्हणाली, "कुणाला गाडीवर सोडायला जातो ना आपण. गाडी वळणावरून जाते, दिसेनाशी होते, तरी आपण हात हलवत उभेच असतो. अजून दिसतेय असं वाटतं. तसा."

भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. "हे मी तुला कधी सांगितलं होतं?"

"नाही. तुम्ही कुठे सांगता."

"मग बरोबर ऐकलंस," ते म्हणाले. "तोच आहे. तसाच होता."

त्यांनी सुई पुन्हा अगदी सुरुवातीला ठेवली आणि तिला म्हणाले, आता पुन्हा ऐक, आणि मधलं कसं वाजतं तेही सांग.